शमूमामांच्या गाडीचा दम

परवा नातवानं नवी गाडी दारात आणून उभी केली. विजेवर चालणारी. पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "आजी, चालूच आहे बघ." मला वाटलं, चेष्टा करतोय. मी बॉनेटला कान लावला. आत सामसूम. मी म्हटलं, "अरे, हिला काही झालंय का बघ. शमूमामा असते तर म्हणाले असते, श्वास थांबलाय, पाव्हण्यांना कळवा."

"कोण शमूमामा?" नातवानं विचारलं.

आता झाली का पंचाईत! ज्या माणसानं मला बॉनेटला कान लावायची सवय लावली, तो याला ठाऊकच नाही. ही सवय काही सभ्य बायकांची नव्हे. पण मी ती वीसेक वर्षं जपली आहे.

शमुवेलमामा हे शिरूरचे आमचे शेजारी. त्यांची जन्मभराची नोकरी दौंडला, रेल्वेत टीसी म्हणून. निवृत्त झाल्यावर ते शिरूरला चर्चच्या मागच्या गल्लीत, वडिलांच्या घरी येऊन राहिले. माणूस निवृत्त झाला, पण त्याचा काळा कोट काही निवृत्त झाला नाही. मामा तो कोट घालून गाडीखाली शिरायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, अहो, एवढा चांगला कोट घालून हे काम?"

गाडीखालून आवाज आला, "बाई, यावर ऑइल दिसत न्हाई. म्हणून तर रेल्वेनं काळा दिला."

मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून त्यांच्यासाठी मी कायम 'बाई'. तेव्हा मी जेमतेम पन्नाशीची, म्हणजे आजच्या हिशेबानं अगदीच कोवळी. आणि कोवळ्या वयात माणसाला वाटतं तसं मलाही वाटायचं, की आपल्याला सगळं येतं. नुकतंच मोटार चालवायचं लायसन मिळालं होतं. घरी मोटार नव्हती, ही गोष्ट वेगळी. लायसन मी पर्सच्या वरच्या कप्प्यात, भाजीवाल्याला सुटे पैसे देताना त्याला दिसेल असं ठेवायची. काळा गॉगलही घेतला होता. तो लावून मी मंडईत मेथीची जुडी बघायची. गॉगलमधून मेथी काळी दिसायची आणि मी भाजीवाल्याशी भांडायची, की शिळी आहे म्हणून.

असो. सांगायचं मामांचं आहे.

मामांची गाडी म्हणजे जुनी अँबॅसिडर. गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना ती यांना दिलेली. रंग नासलेल्या दुधासारखा. सपाटीला ती नव्या नवरीसारखी ऐटीत चालायची, आणि जरा चढ लागला की गुडघे धरायची. मामांचा जीव मात्र तिच्यावर. रोज सकाळी चहाची बशी बॉनेटवर ठेवून प्यायचे. मग मामींचं लाटणं आणायचे, एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. घरात मामी कणीक मळून हात वर धरून उभ्या.

"अहो, लाटणं!"

"थांब गं. दोन नंबरचा श्वास लागतोय."

"माझ्या तव्याचा लागलाय!"

मार्थामामी ठेंगण्या, गोऱ्या आणि अत्यंत स्पष्टवक्त्या. चर्चमध्ये गाणी म्हणताना त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि मामांना बोलतानाचा तर शिरूरच्या स्टँडपर्यंत.

तर झालं असं. मामींच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न दौंडला होतं. दोघं नवे कपडे घालून गाडीतून निघाले. दिवस ऊसतोडीचे. आमच्याकडं कारखाने चारी दिशांना, त्यामुळं त्या दिवसांत रस्त्यावर जिकडं बघावं तिकडं ट्रॅक्टर, आणि प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, उसानं डोंगरासारख्या भरलेल्या. न्हावऱ्याच्या अलीकडं एक चढ आहे. तिथं यांना अशी एक जोडट्रॉली आडवी आली. मामांनी गाडी उजवीकडं काढली, अर्ध्यापर्यंत नेली, आणि गाडीचा दम संपला. परत मागं. पुन्हा काढली, पुन्हा मागं. ट्रॅक्टरवरच्या पोरानं गाणं लावलेलं, तो मान डोलावत चाललेला. चढ संपला तर समोरून दुसरी ट्रॉली. असं करत करत ही दोघं मांडवात पोचली तेव्हा लग्नाची वचनं होऊन गेली होती, केक कापून झाला होता, आणि वाढपी आपसात आइस्क्रीम खात होते.

मामींनी त्याच मांडवात, साऱ्या पाव्हण्यांसमोर जाहीर केलं: "ज्या दिवशी ही गाडी चढावर उसाची ट्रॉली मागं टाकील, त्या दिवशी मी हिच्यात बसंन. तवर माझी येष्टी."

"मार्था, असं चारचौघांत—"

"मी लगीन बघायला आले हुते. उसाचं बूड बघायला न्हाई."

त्या दिवसापासून शिरूर–दौंड रस्त्यावर एक देखावा सुरू झाला. मामी दर रविवारी उपासना आटोपून बहिणीकडं दौंडला जायच्या. त्या एस्टीत. आणि एस्टीच्या मागं मामा, अँबॅसिडरमध्ये, एकटे. बाजूच्या सीटवर मामींची पिशवी, कारण एस्टीतल्या सामानाच्या फळीवर मामींचा विश्वास नव्हता. नवरा नको, पण त्याच्या गाडीत पिशवी सुखरूप राहते! वाटेत एस्टी थांबली की मामा उतरून खिडकीतून पाण्याची बाटली वर द्यायचे. मामी पाणी प्यायच्या, बाटली परत द्यायच्या, आणि मान सरळ. एका कंडक्टरनं मला विचारलं, "हे आजोबा ड्युटीवर हायेत का?" मी म्हटलं, "जन्मभराच्या."

सगळ्यांना हसू यायचं. मामांना मात्र येत नव्हतं. एकदा ओट्यावर बसून मला म्हणाले, "बाई, बाजूची सीट रिकामी असली ना, की गाडी डावीकडं हलकी लागती. स्टेअरिंगला कळतं." मी लगेच, लायसनधारक या नात्यानं, चाकांत हवा भरायचा सल्ला दिला. ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. काय बघत होते ते मला कळायला बरीच वर्षं लागली.

त्या उन्हाळ्यात मामांनी इंजिन खोलायचं ठरवलं. नवं इंजिन परवडणारं नव्हतं आणि पेन्शनला हात लावायला बंदी होती. मग बजेट काय? तर घरातली, मामींच्या लक्षात येणार नाही अशी वस्तू. इंजिनाचं सगळं पोट ओसरीत गोणपाटावर मांडलं. प्रत्येक भाग हातात घेऊन मामा त्याची चौकशी करायचे: "कुठनं आलास? कुठं जायचंय?" पुन्हा जोडताना एखादा नट उरला तर त्याला बाजूला ठेवायचे. "विनातिकीट हाय. उतरवला." असे बरेच उतरवलेले प्रवासी एका डब्यात जमले होते. मला त्या डब्याची फार भीती वाटायची.

इंजिनाची ताकद कशी वाढते, हे त्यांनी मला टीसीच्या भाषेत समजावलं. "बाई, जनरल डब्यात आत जागा असती. पण लोकं दारात उभी राहत्यात. मग आत कोण शिरंना, बाहीर कोण निघंना. इंजिनाचं तसंच हाय. हवा आत जायचं दार खडबडीत, धूर बाहीर जायचं दार खडबडीत. दार मोकळं करा, गाडी आपसूक पळती." मग काठीला पॉलिशपेपर गुंडाळून ते हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातली, ती भोकं घासत बसले. वैशाख सगळा त्यात गेला. व्हॉल्व्ह घासायचं काम मला दिलं. रबराची वाटी लावलेली काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. मी शेजारणींना सांगत फिरले, की मी इंजिन दुरुस्त करतेय. ताक करणाऱ्या बाईनं 'मी गवळीवाडा चालवते' म्हणावं, त्यातलाच प्रकार.

एकदा दुपारी मामींकडं गेले तर त्या घरात नव्हत्या, आणि गॅसवर मोठं पातेलं रटरटत होतं. मामा काळ्या कोटात चमचा घेऊन उभे. मी घरची शाकाहारी, पण मन मोठं आहे हे दाखवायची मला तेव्हा फार हौस. म्हणून मोठ्या मनानं म्हटलं, "वा! छान वास येतोय. मटण का?"

मामांनी झाकण काढलं. आत चार पिस्टन उकळत होते.

"गरम पाण्यात जरा फुगत्यात," मामा म्हणाले. "म्हंजी पिन अलगद बसती. बसा की, चहा टाकतो."

तेवढ्यात मामी दारात. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी यांना सांगायचं."

मी, शिकलेली, म्हणाले, "मामी, वास मात्र छान येतोय हो."

मग आली मत्तय-मार्कची भानगड. हेडचा खालचा भाग मशीनवर घासून थोडा कमी केला, की आत दाब वाढतो आणि गाडीला जोर येतो, हे मामांनी कुठंतरी ऐकलेलं. हेड घेऊन ते दौंडला एका वर्कशॉपात गेले. मी सोबत, गॉगल लावून. मशीनवरचा कारागीर उत्तर प्रदेशचा. त्यानं विचारलं, "चाचा, कितना उतारना है?"

मोजमापं मामांच्या हातात नव्हती, बोटांत होती. त्यांनी कोटाच्या खिशातून बायबलचा छोटासा नवा करार काढला, त्यातलं मत्तयाचं शुभवर्तमान चिमटीत धरलं आणि म्हणाले, "इतना. एक मत्तय."

कारागीर भला माणूस. त्यानं आधी पुस्तक कपाळाला लावलं, मग तेवढी पानं चिमटीत धरून अंदाज घेतला, आणि काम केलं. हेड आरशासारखं चमकायला लागलं. तिथंच थांबायचं की नाही? पण मामांच्या डोळ्यांसमोर उसाची ट्रॉली. त्यांनी मत्तयाच्या पुढचं, मार्काचं शुभवर्तमान चिमटीत धरलं. म्हणाले, "मार्क भी उतारो."

"चाचा, ज्यादा हो जाएगा."

"मार्क छोटा है," मामा म्हणाले.

खरं तर तेव्हा अडवायचं काम माझं. मी काय केलं? मी म्हटलं, "लूकही काढून टाका म्हणजे परत यायला नको." नशीब, कारागिरानं माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

गाडी जोडली. पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी मामांनी मला स्टेअरिंगवर बसवलं. माझ्या आयुष्यातला तो मानाचा क्षण! मी गॉगल नीट केला. मामा बॉनेटमध्ये वाकून म्हणाले, "अलगद दाबा. अलगद." मी घाबरून पाय असा रोवला, जणू झुरळ मारतेय. मागच्या नळीतून बार उडाला. काळ्या धुराचा लोट निघाला आणि कुंपणापलीकडं आमच्याच अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसला. त्या वर्षी आम्ही करड्या रंगाच्या कुरडया खाल्ल्या. ह्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, नाचणीच्या आहेत.

गाडी सुरू झाली खरी, पण आतून आवाज यायला लागला, कढईत खडे टाकून हलवावेत तसा. मामांनी लाटणं लावलं. चेहरा पडला. दाब फार झाला होता. गाडी धावायची, पण खडखडत, तापत, आणि चढाला तर ठोके देत बसकण मारायची. मामा दिवसभर गाडीशेजारी विटेवर बसून राहिले. चहाची बशी बॉनेटवर तशीच.

उपाय एकच होता. हेडच्या खाली जाड पत्र्याचं गॅस्केट घालून, जेवढं जास्त काढलं तेवढं परत भरायचं. पत्रा हवा तांब्याचा. आणि तांबं तर महाग.

परसात मामींच्या आईचा पाणी तापवायचा बंब होता. तांब्याचा. गळका, वापरात नसलेला, पण आईचा.

मामांनी तो कापला.

मामींना कळलं ते त्या परसात शेण्या आणायला गेल्या तेव्हा. मला वाटलं, आता आवाज दौंडपर्यंत जाणार. पण मामी शेण्या उचलून सरळ आत गेल्या. तेच वाईट. त्या रविवारी त्यांनी पिशवीसुद्धा एस्टीत नेली. मागं मामा अँबॅसिडरमध्ये, बाजूला काहीच नाही. पाण्याची बाटली खिडकीशी नेली, तर मामींनी काच ओढून घेतली.

मामा मला म्हणाले, "बाई, आता जर ट्रॉली मागं पडली न्हाई ना, तर मी गाडी भंगारात घालीन. आन् घरात बसाया मला तोंड न्हाई." हे सांगताना मात्र त्यांना रेल्वेतलं काही सुचलं नाही.

असं मत्तय काढलं, मार्क काढलं, आणि मामींच्या आईच्या बंबातून मार्क परत घातलं. खडखड गेली. लाटण्याला कान लावून मामा पुन्हा डोळे मिटायला लागले. आणि कार्तिकात ऊसतोड सुरू झाली.

त्या रविवारी मला बारशाला दौंडला जायचं होतं. मी एस्टीत मामींच्या शेजारी बसले. फळीवरच्या पिशवीच्या काळजीनं मामींनी चार रविवार रडगाणं गायल्यावर ती पुन्हा मामांकडं गेली होती, एवढीच काय ती तडजोड. न्हावऱ्याच्या अलीकडच्या चढाला आमची एस्टीच जोडट्रॉलीमागं अडकली. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, ट्रॅक्टरवर गाणं चाललंय. मी मागं वळून बघितलं. नासक्या दुधाच्या रंगाचं नाक उजवीकडं सरकताना दिसलं.

"मामी, मामा निघाले!"

"बघू नका तुम्ही," मामी समोर बघत म्हणाल्या. "बघितलं की ती बंद पडती."

पण त्यांनी माझा हात धरला होता, आणि बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या. अँबॅसिडर एस्टीच्या चाकाशी आली. मग खिडकीशी. मामा स्टेअरिंगवर वाकलेले, काळा कोट, जबडा घट्ट. एस्टी मागं पडली. पहिली ट्रॉली आली. गाडी अर्ध्यावर पोचली, नेमकी जिथं तिचा दम जायचा तिथं. मामींनी डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागल्या. मी उघड्या डोळ्यांनी सगळ्या देवांना हाका मारत होते. त्यांच्याही आणि आमच्याही. गाडीनं जरासा विचार केल्यासारखं केलं, आणि मग धूर न सोडता, खडखड न करता, दुसरी ट्रॉली, ट्रॅक्टर, ते गाणं, सगळं मागं टाकून चढाच्या माथ्यावर गेली.

मामी सीटवरून उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "माझ्या आईचा बंब गेला! माझ्या आईचा बंब पुढं गेला!"

सगळी एस्टी वळून बघायला लागली. कंडक्टर धावत आला. "काय चोरीला गेलं, मावशी? गाडी थांबवू का?"

"तुम्ही कशाला थांबवताय? त्यांना थांबवा की! मी बसनार हाय!"

पण मामा थांबले नाहीत. माथ्यावर एकदा हात बाहेर काढून त्यांनी हलवला, आणि गाडी पलीकडं उतरून दिसेनाशी झाली. मामी मटकन बसल्या. "गेले की हो. पिशवी घिऊन गेले. मलाच इसरले."

दौंडच्या स्टँडवर एस्टी शिरली तेव्हा मामा फलाटाशी ताठ उभे होते, जणू मेल यायचीय. गाडीचं डावं दार उघडून धरलेलं. मामी उतरल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मार्था, झालं की," मामा म्हणाले.

"व्हय, झालेलं बघितलं आम्ही. मागनं. गाडीत कोण हुतं?"

"मी."

"मग तुम्हीच बसा."

मामांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हे इथंच विटेवर बसणार. दार धरलेला हात खाली आला. मग ते अगदी हळू, मान खाली घालून म्हणाले, "थांबलो असतो गं. पर चढावर थांबलो असतो तर परत उचलली नसती."

आधी मामींचे खांदे हलले, मग पोट, मग त्या स्टँडच्या खांबाला धरून इतक्या हसल्या, की शेंगदाणेवाला टोपली घेऊन बाजूला सरकला. हसता हसताच त्या गाडीत बसल्या, पुढं, मामांच्या शेजारी, पदर आत ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आता दार लावताय, का ह्याला पन मत्तय घासायचाय?"

पुढल्या उन्हाळ्यात ती दोघं दौंडलाच राहायला गेली, मामींच्या बहिणीजवळ. मामा गेले तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणात अडकलेली, जाता आलं नाही. त्यामुळं मी मनात जपलेलं त्यांचं दर्शन ट्रॉली मागं टाकली त्याच दिवसाच्या संध्याकाळचं आहे.

बारसं आटोपून मी एस्टीनं परत निघाले होते. डावीकडची खिडकी मिळाली होती. न्हावऱ्याच्या पुढं सरळ, सपाट, मोकळा रस्ता. समोर उसाची जोडट्रॉली डुलत चाललेली, आणि तिच्यामागं, तिच्याच चालीनं, आमची अँबॅसिडर. उजवी बाजू सगळी रिकामी. एक हॉर्न मारला असता तर मामा दोन्ही ट्रॉल्या कधीच मागं टाकून गेले असते. एस्टी त्यांच्या बरोबरीला आली तेव्हा मी वाकून बघितलं. मामांच्या हातात उसाचं कांडं होतं. पलीकडं मामी हातवारे करत काहीतरी सांगत होत्या, बहुधा दौंडची सगळी खबर, आणि ती एवढ्यात संपणारी नव्हती. मामा मान डोलावत ऊस खात होते. आमचा हॉर्न ऐकून त्यांनी हात बाहेर काढला आणि जा, जा पुढं, अशी खूण केली.

हा कंडक्टर नवा होता. खिडकीतून बघत मला म्हणाला, "बघा की बाई, एवढा रस्ता मोकळा, आन् म्हातारा ट्रॉलीमागं चाललाय. दम नसंल गाडीत."

"नसेलच," मी म्हटलं.